भाऊच्या समुद्राचे शब्द

मी समुद्र पाहिलेला नव्हता. माहेर चोपड्याचं, सासर जळगावचं. पाणी म्हणजे विहिरीचं, तापीचं, नाहीतर मेहरूणच्या तळ्याचं. लढाई सुरू झाली आणि माझा थोरला भाऊ मॅट्रिकच्या जोरावर जहाजावर बिनतारी संदेशांच्या कामाला लागला. पहिल्या रजेत माझ्याकडं उतरला, तेव्हा बोलताना सारखा अडायचा.

"तिथल्या पाण्याला आपल्याकडं शब्दच नाहीत गं," म्हणायचा आणि इंग्रजी शब्द टाकून पुढं जायचा. मला निम्मं कळायचं नाही.

तो परत गेल्यावर मी यांच्या मागं लागले. हे शाळेत इंग्रजी शिकवायचे; लग्नानंतर मलाही बोलण्यापुरतं शिकवलं होतं, पण समुद्राचे शब्द त्यात नव्हते. रविवारी दुपारी भांडी आवरली की आमचा समुद्र सुरू. सोसाट्याचा वारा म्हणजे गेल, त्याच्याही वरचा टेम्पेस्ट. अचानक झडप घालून जातो तो स्क्वॉल. फेसाळून फुटते ती लाट ब्रेकर. स्वेल मात्र मला उमजेना.

हे म्हणाले, "वादळ लांब कुठंतरी होऊन गेलेलं असतं. इथं वारा नसतो, तरी पाणी वर-खाली होतच राहतं."

"रडून झाल्यावर लेकराला हुंदके येत राहतात, तसं?"

"अगदी तसं," हे म्हणाले.

पुढच्या रजेत भाऊशी त्याच्या शब्दांत बोलायचं, असं मी ठरवलं होतं. रजेऐवजी तार आली. जहाज वादळात बुडालं होतं.

काही महिन्यांनी एक पाहुणा दारात उभा राहिला. भाऊच्या जहाजावरचा, वाचलेल्यांपैकी, मद्रासकडचा. आबा आणि माय चोपड्याहून येऊन तेव्हा माझ्याकडंच होते. हे शाळेत गेलेले. पाहुण्याला मराठी येत नव्हतं. तो खाली बघत इंग्रजीत सांगू लागला. सकाळपासूनचा स्वेल, दुपारचा गेल, एकामागून एक आलेले स्क्वॉल, होडी सोडताना अंगावर कोसळलेला ब्रेकर. भाऊ त्याच होडीत होता. मला एकही शब्द अडला नाही. अडला असता तर बरं झालं असतं.

मायनं विचारलं, "काय म्हनी राहिना तो?"

मी म्हटलं, "काही नाही. भाऊला त्रास झाला नाही म्हणतो."

आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हणाले, "खरं सांग, बाई. त्यानी सोसं, आपले नुसतं ऐकनं शे."

मग मी सांगितलं. आमच्या बोलीत, जमेल तसं. पाणी घराएवढं उंच व्हायचं, आणि तेवढंच खाली जायचं. वारा माणसाला उभं राहू देत नव्हता. होडी उलटली. माय पुढं सरकली आणि माझा हात धरून बसली.

"त्यानी हाक मारी व्हई का?" तिनं विचारलं.

मी पाहुण्याला विचारलं. तो म्हणाला, वाऱ्यात शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं. मी तसंच सांगितलं. मायनं मान हलवली आणि पाहुण्यासाठी चहा टाकायला उठली.

देह नव्हताच. आबांनी दर्भाचा पुतळा करून क्रिया केली. अस्थी म्हणून काहीच नव्हतं, तरी मायनं भाऊचा एक जुना सदरा तापीत सोडला.

"आपली तापी समिंदरले मिळस ना?" तिनं मला विचारलं.

"मिळस, माय," मी म्हटलं.

सदरा दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघी काठावर उभ्या होतो.