पेलाभर पाणी आणि मशीनबाईची मोटारसायकल

मशीनबाईला दिवस गेले, ही बातमी घरात निव्वळ आनंदाची राहिली ती जेमतेम पाऊण तास. मग सासूबाईंची नजर दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलवर गेली.

मशीनबाई म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणारी. तिला खरं नाव होतं, पण शिंपी, पडदेवाला, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बायका, सगळे याच नावाने हाक मारत. बारा वर्षं ती मोटारसायकलच्या मागे लोखंडी पेटी बांधून गावभर हिंडत होती. पेटीत सुया, बॉबिन, पट्टे, तेलाची कुपी आणि एक साधा काचेचा पेला. हा पेला म्हणजे तिचं सर्टिफिकेट. दुरुस्ती झाली की पेला काठोकाठ भरून मशीनवर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "आता पळवा जोरात." थेंब सांडला तर पेटी पुन्हा उघडायची. नाही सांडला, तर तेच पाणी घटाघटा पिऊन पुढच्या घरी.

"काही महिने गाडी ठेवून दे," सासूबाई म्हणाल्या. "कायमची नाही गं. तात्पुरती."

याच शब्दाची मशीनबाईला धास्ती होती. घरोघरी तिने कोपऱ्यात चादर घालून ठेवलेली मशीनं पाहिली होती. प्रत्येकीची मालकीण सांगायची, "मूल जरा मोठं झालं की बसते परत." ते मूल मिशा फुटून नोकरीला लागलेलं असायचं आणि मशीनवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असायचा. आपण एकदा खाली उतरलो की परत कोणी चढू देणार नाही, या विचाराने तिच्या पोटात गोळा यायचा. बाळाला काही झालं तर, या विचाराने दुसरा. दोन्ही गोळे एकाच पोटात, आणि तिसरं ते बाळ. गर्दी झाली होती.

नवरा पावाच्या भट्टीवर कामाला. आगीपुढे दिवस काढणारा हा गडी मोटारसायकलवर मागे बसला की डोळे गच्च मिटून घ्यायचा. त्याचं मत विचारलं तर तो आधी आईकडे बघायचा, मग बायकोकडे, आणि मग म्हणायचा, "डॉक्टरांना विचारू."

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "साध्या गचक्यांनी बाळाला लगेच काही होत नाही. भीती आहे ती पडण्याची, आणि समोरून कोण कसा येईल त्याची. पोट वाढलं की तोल बदलतो. मला विचाराल तर चालवू नका." तिघं बाहेर आली तेव्हा मशीनबाईने त्यातलं पहिलं वाक्य उचललं होतं, सासूबाईंनी शेवटचं, आणि नवऱ्याने गोळ्यांची चिठ्ठी.

दोन दिवस घरात भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी मशीनबाईने पेटीतून पेला काढला.

"सोक्षमोक्ष लावू," ती म्हणाली. "मागे बसणाऱ्याने भरलेला पेला माझ्या पोटाच्या उंचीवर धरायचा. शाळेचं मैदान, पाण्याची टाकी आणि परत. सांडलं, तर गाडी बंद."

बारा वर्षं जिने मशीनं तपासली, तिला दुसरं काय सुचणार? आणि घरच्यांनाही ते पटलं, हे विशेष. पहिला मान नवऱ्याचा. गाडी सुरू व्हायच्या आतच त्याने अर्धा पेला स्वतःच्या मांडीवर ओतला होता. उरलेला मैदानाच्या वळणावर गेला. ही चाचणी रद्द धरण्यात आली, कारण पाणी गाडीने सांडलं की भीतीने, हे ठरवता येईना.

"हो बाजूला," सासूबाई म्हणाल्या. "मी बसते."

नवरा ओल्या पँटसकट बघतच राहिला. सासूबाईंनी हेल्मेट चढवलं, पट्टा हनुवटीखाली स्वतः आवळला, आणि एका हाताने सुनेचा खांदा, दुसऱ्या हाताने पेला धरून ताठ बसल्या. मशीनबाई खड्डा दिसला की गाडी अशी काढत होती, की जणू रेशमी कापडावर टाका घालते आहे.

घरी येऊन सासूबाई उतरल्या आणि त्यांनी पेला उलटा करून दाखवला. रिकामा.

"सगळं सांडलं. संपला विषय."

मशीनबाईचा चेहरा उतरला. पण कारागिराची नजर ती. तिने सीटवरून हात फिरवला. कोरडी. स्वतःची पाठ चाचपली. कोरडी. सासूबाईंची मांडी, बाही, चप्पल, सगळं खडखडीत. ओला होता तो फक्त सासूबाईंचा वरचा ओठ.

"आई, तुम्ही प्यायलात?"

सासूबाईंनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग मुलाकडे. "टाकीपाशी तहान लागली."

नवरा इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "एक थेंब हलत नव्हता गं," त्या हळूच म्हणाल्या. "मग काय करणार? मला भीती वाटते. नुसतं तेवढं म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस का?"

मशीनबाईला वाईट वाटलं. पण डाव जिंकला होता आणि दुसऱ्या दिवशी गणवेशवाल्या बायका वाट बघत होत्या. ती गाडी घेऊन गेली.

पाचवा महिना सरता सरता एक दिवस ती पडदेवाल्याच्या अंगणात पोचली. काम झालं, पेल्यातलं पाणी पिऊन झालं, पेटी बांधून झाली. गाडी स्टँडवरून काढताना नेहमीसारखी कमरेचा टेकू द्यायला गेली, तर मध्ये पोट आलं. गाडी पलीकडे कलली. ती कशीबशी मागे सरकली आणि मोटारसायकल धाडकन आडवी झाली. पेटी उघडून सुया अंगणभर. ती वाकली, हँडल धरलं, ओढलं. गाडी जागची हलेना. बारा वर्षांत हीच गाडी तिने एकटीने शंभरदा उचलली होती.

पडदेवाल्याने धावत येऊन गाडी उभी केली. मशीनबाई सुया वेचत राहिली. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. चालत्या गाडीवर थेंब सांडत नव्हता, हे खरं होतं. पण पेल्याने तपासली ती गाडी. चालवणारीला कोणी तपासलंच नव्हतं.

गाडी तिने पडदेवाल्याकडेच ठेवली आणि चालत घरी आली. हातात पेटी. सासूबाई दारातच होत्या. मशीनबाईने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. "तात्पुरती," असं म्हणताना तिला रडू फुटलं.

"पडलीस?"

"मी नाही. गाडी. उभ्याउभ्या."

सासूबाईंनी तिला आत नेलं, बसवलं, पोटावरून हात फिरवला. मग भट्टीवरून आलेल्या लेकाकडे बोट दाखवलं. "हा पोटात होता तेव्हा माझी सायकल होती. सगळे म्हणाले, तात्पुरती ठेव. ठेवली. हा आता चौतीस वर्षांचा झालाय. सायकल अजून परत मिळायची आहे." त्यांनी किल्ली मुठीत आवळली. "ही किल्ली माझ्याकडे राहील. कशी परत मिळत नाही, तेच बघते."

त्यानंतर गिऱ्हाइकांची मशीनं घरी येऊ लागली. नवरा भट्टीवरून परतताना पावाच्या रिकाम्या हातगाडीवर ती घेऊन यायचा. पावाला तेलाचा वास येतो अशी एकदोन जणांनी कुरकूर केली, तेव्हा खाली कागद अंथरायला लागला. पडदेवाल्याने किल्ली नेऊन गाडी अंगणात आणून लावली होती. सासूबाई रोज सकाळी स्टँडवरच्या गाडीवर चढून बसायच्या, ती सुरू करायच्या आणि दहा मिनिटं अंगण दणाणून सोडायच्या. एकदा नवऱ्याचा मामा सहज म्हणाला, "पडूनच आहे, तर मला देऊन टाका." सासूबाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. "मालकीण रजेवर आहे. गाडी नोकरीवर आहे."

मुलगी झाली. चार महिन्यांची झाली. डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला मान डोलावली, तरी मशीनबाई किल्लीचा विषय काढेना. रात्रंदिवस बाळ छातीशी. मनात मात्र तेच: आता कोण देणार?

एका सकाळी अंगणात गाडीचा आवाज चालू होता. तिने डोकावून पाहिलं. गाडी स्टँडवर घरघरत होती, सीटवर काठोकाठ भरलेला पेला होता, आणि सासूबाई वाकून, श्वास रोखून पाण्याकडे बघत होत्या. पाणी थरथरलं, पण थेंब सांडला नाही. त्यांनी पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि बाही ओठांवर फिरवली.

"पास," त्या म्हणाल्या. त्यांनी बाळ आपल्याकडे घेतलं आणि किल्ली सुनेच्या हातात ठेवली. "पडदेवाल्याचा निरोप आलाय. सावकाश जा, जेवायच्या आत ये."

मशीनबाईने हेल्मेट उचललं.

"आणि रविवारी मला शिकव," म्हणत सासूबाईंनी अंगणात पिठाच्या हातांनी उभ्या असलेल्या लेकाकडे पाहिलं. "मूल मोठं झालंय माझं."