काशीच्या हातचा गोळा

कुणाच्या घशात माशाचा काटा अडकला की वाडी आधी काशीच्या दारात यायची. उकड्या तांदळाचा कोरडा भात मुठीत दाबून ती लिंबाएवढा गोळा करायची. तो न चावता गपकन गिळायचा, वर पिकलं केळं खायचं. काटा जायचा. आता हाताला गुण होता की काटाच बारीक होता, देव जाणे. नाव झालं ते झालं.

म्हणून नारळी पौर्णिमेनंतर तिचा दीर रघू म्हणाला, "वैनी, पेडव्याचा काटा रुतलाय, गोळा द्या," तेव्हा तिनं दिला. पण दिवाळी आली तरी हा गडी ताटात स्वतःच गोळे वळतोय, हे दिसलं आणि ती त्याच्यावर नजर ठेवू लागली.

सकाळी उठल्यापासून त्याचं खाकरणं सुरू असायचं. चिकट कफ काही केल्या सुटायचा नाही. भाकरी तर त्यानं सोडलीच होती, भातही पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायचा. कफ कापायला म्हणून कोकमाचं खारट आगळ पेलाभर प्यायचा आणि हात धुतला की आडवा व्हायचा.

नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा बाबल्या असाच गिळत होता. तोही काटाच म्हणायचा. काशीनं त्याला सहा महिने गोळे वळून दिले, तूप लावून दिले. शेवटी मुंबईला नेला तेव्हा अन्ननलिकेतली गाठ हाताबाहेर गेली होती. गाठीचं वाडीला ठाऊक होतं. सहा महिन्यांचं फक्त काशीला.

"भावोजी, उद्या रत्नागिरीला जायचं. डॉक्टरकडं."

"काट्यासाठी? लोक हसतील वैनी. गोळा करा तुम्ही."

"नाही करणार," काशी म्हणाली. "तेही काटाच म्हणत होते. मी सहा महिने गोळे भरवले त्यांना. तुम्ही मुंबईला नोकरीत होता, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही."

रघूनं ताट सरकवलं.

"काटा नाय, ता मना म्हाईत हाय," तो म्हणाला. "काटा म्हटला की झोप लागते, इतकाच."

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. काटा नव्हता. घसा लाल होऊन सुजला होता. "पण गिळायला त्रास आहे आणि सख्ख्या भावाला गाठ होती," त्या म्हणाल्या. "उद्या उपाशीपोटी या. पोटापर्यंत बघून घेऊ."

दुसऱ्या दिवशी रघूला आत नेलं आणि काशी बाहेर बाकावर बसली. मुंबईच्या इस्पितळातही ती अशीच बसली होती. तेव्हा डॉक्टर बाहेर आला तो तिच्याकडं न बघताच बोलला होता. त्यामुळं आज दार उघडलं तशी ती आधी बाईंचे डोळे बघत राहिली. बाई तिच्याकडंच बघत होत्या.

"गाठ नाही. पोटातलं आम्ल वर चढतंय. त्यानं घसा आणि अन्ननलिका सोलवटलीय, कफही त्याचाच. गोळ्या देते, पण आगळ बंद. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. आणि ते भाताचे गोळे कोण देतं?"

"मी," काशी म्हणाली.

"नका देऊ. काटा असला तर आणखी खोल जातो. आणि नसला, तर माणूस आमच्याकडं उशिरा पोचतो."

एसटी स्टँडवर काशी पदर तोंडाशी धरून रडली. दीर वाचला याचा आनंद होता. आणि हेच दोन दिवस नऊ वर्षांपूर्वी का काढले नाहीत, याचा स्वतःवरच संताप होता. रघूनं पाण्याची बाटली पुढं केली.

माघात, रघू पुन्हा भाकरी खायला लागला होता तेव्हा, शेजारची सोनूबाई दारात आली. "काशी, एक गोळा दे गो. माज्या घशात काटा अडकलाय."

काशी चुलीपाशीच होती, भातही ताजा होता. सवयीनं तिचा हात पातेल्याकडं गेला आणि थांबला.

"कधीपासून?"

"झाले की पंधरा दिवस."

काशीनं हात पदराला पुसला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि खुंटीवरची पिशवी घेतली.

"चपला घाल," ती म्हणाली. "साडेदहाची गाडी मिळेल."