मामांची जास्वंद

महाडपासून पोलादपूरपर्यंत ज्याच्या कुंपणातली जास्वंद माझ्या मामांनी कापलेली नाही, असं घर मला तरी ठाऊक नाही. मागून आणलेली फांदी रुजत नाही, चोरलेलीच रुजते, यावर त्यांचा गाढ विश्वास. त्यामुळे निवृत्त तलाठी असूनही ते खिशात चाकू आणि ओला रुमाल घेऊन हिंडत. लग्नाला गेले की मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत मांडवामागे नाहीसे होत. घरी पिवळ्या, शेंदरी, दुहेरी पाकळ्यांच्या जास्वंदी पार ओसरीवर आल्या होत्या, पण फूल तोडायची बंदी. "बघायला लावलीत," म्हणत. मामी बिचारी गणपतीसाठी शेजारून फुलं मागून आणी. मी पुण्याला इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत बोलायला बुजणारी. त्यांच्याबरोबर निघाले की ओळख नसल्यासारखी मागे मागे चाले.

पोलादपूरच्या शाळेत इंग्रजीची जागा निघाली, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी घरीच भेटायला बोलावलं. नोकरी मिळाली नाही तर घरचे माझं लग्न उरकणार होते. सोबतीला मामा. "मी भायेरच थांबतो गो," ते म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बाई विचारत होत्या, मी मान खाली घालून हो-नाही करत होते. इतक्यात त्यांच्या मागच्या खिडकीत एक हात आला आणि फिकट जांभळ्या जास्वंदीची फांदी हळूच वाकली. कट्कन आवाज झाला. बाई वळल्या.

"कोण हो ते?"

"माझे मामा आहेत," मी म्हणाले. "चोर नाहीत. मागितलेली फांदी रुजत नाही असं त्यांना वाटतं, म्हणून विचारत नाहीत." एवढं सलग मी तासाभरात बोलले नव्हते.

बाई खिडकीशी गेल्या. "अहो, मागितली असती तर दिली असती."

"म्हणून तर नाय मागितली."

बाई हसल्या नाहीत. परत येऊन बसल्या. "जूनपासून या. आवाज आहे की तुम्हाला. यांना मात्र शाळेच्या आवारात आणू नका."

एस.टी.त मामा खिडकीशी बसले आणि फांदीच्या बुंध्याला ओला रुमाल गुंडाळला. मग म्हणाले, "माझ्यापायी गेली असती ना गो तुझी नोकरी?"

"गेली असती."

त्यांनी रुमालासकट फांदी टाकून द्यायला खिडकीबाहेर धरली. मी ती काढून घेतली आणि मांडीवर ठेवली. साडीवर पाण्याचा डाग पसरत गेला. समोरच्या सीटवरची एक बाई टक लावून बघत होती, आणि मला लाज वाटतच होती. मामा बाहेर पाहत राहिले. महाड येईपर्यंत कितीतरी कुंपणं मागे गेली, ते एकाहीबद्दल काही बोलले नाहीत.