बोर्लीची सुरमई आणि एकच कृष्णधवल रोल

निघायच्या आदल्या दिवसापर्यंत आमच्या घरात एकच वाद चालू होता: कोकणात कृष्णधवल रोल न्यायचा की रंगीत? सुहासचं, म्हणजे नवऱ्याचं, म्हणणं असं की राखाडी फोटोच काढायचे तर समुद्रापर्यंत जायचं कशाला. मी हट्टाला पेटले होते. गेली तीन वर्षं मी गळ्यात दोन कॅमेरे अडकवून रस्त्यांवर फिरते, एकात रंगीत रोल, एकात कृष्णधवल, आणि कोणता उचलू हे ठरेपर्यंत समोरचा माणूस निघून जातो. आमच्या फोटोमंडळाच्या प्रदर्शनात माझा फोटो एकदाही लागलेला नाही, तो यामुळेच. यंदा एक कॅमेरा, एक कृष्णधवल रोल, छत्तीस फोटो. बस्स.

पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा आणि पुढे बोर्ली पंचतन. रस्ता मधेमधे हाडं खिळखिळी करतो, पण नाश्ता धरून पाच तासांत पोचलो. दिवेआगरला माडांच्या बागेतली खोली अठराशेला मिळाली. पहिल्या दुपारी हरिहरेश्वरला कातळावरून प्रदक्षिणा केली. (ओहोटीची वेळ विचारूनच खाली उतरा.) संध्याकाळी सुहासच्या मोबाईलमध्ये झकास केशरी सूर्यास्त आला आणि तो मला दर दहा मिनिटांनी दाखवत राहिला. माझा हट्ट तेव्हा जरा डळमळला, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्लीचा मासळीबाजार गाठला. तिथे हिरामावशी नावाच्या कोळीण पाटावर सुरमई मांडून बसल्या होत्या. मी विचारलं, तर फोटोला तयार झाल्या. पण रोल काळा-पांढरा आहे म्हटल्यावर त्यांनी हातानंच थांबवलं.

"मग कल्ला काळा दिसंल," त्या म्हणाल्या. "काळा कल्ला म्हंजे शिळा मासा. तीस वरसं हितं बसते बाय, माज्या माशाला शिळा कोण न्हाय बोललं."

माशाचा ताजेपणा डोक्यामागच्या कल्ल्याच्या लालभडक रंगातच असतो, आणि नेमका तोच मी पुण्यात ठेवून आले होते. सुहास नुसता हसला. ते जास्त लागलं. शेवटी मावशींनीच अट घातली: फोटो आधी त्यांना दाखवायचा, आणि मासा शिळा दिसला तर फाडून टाकायचा.

तेवढ्यात त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक आले, पांढरी टोपी घातलेले एक चाचा. मुलगा कुवेतहून सुट्टीवर आलाय, चांगलीच सुरमई हवी, म्हणाले. मी कॅमेरा दाखवला, त्यांनी मान डोलावली आणि भाव करायला बसले. मावशींनी अंगठ्यानं कल्ला उचलून दाखवला. चाचा वाकले, कपाळाला आठ्या घालून "फार म्हाग सांगतेस" म्हणाले, आणि तसं म्हणताना त्यांच्या डाव्या हातानं पिशवीचं तोंड उघडून धरलं. मी बटण दाबलं. कोणता कॅमेरा, हा प्रश्नच नव्हता.

पुण्यात परतल्यावर न्हाणीघरात रोल धुतला, फोटो छापला. कल्ला खरंच काळा आला होता. तरी मी फोटो मावशींनी दिलेल्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवला, मागे माझा नंबर लिहून. चार दिवसांनी फोन आला.

"ताजा हाय," मावशी म्हणाल्या.

मी विचारलं, कशावरून?

"चाचांची पिशवी बघ की. तोंडानं न्हाय म्हणतात नि पिशवी उघडी. शिळ्या माशाला कोण पिशवी उघडतंय?"

मी तो फोटो शंभरदा पाहिला होता, पण ही गोष्ट इतक्या सरळपणे मला सांगता आली नसती. रंगीत असता तर सगळ्यांचे डोळे त्या लाल कल्ल्यावरच अडकले असते, माझेसुद्धा. मी फोन स्पीकरवर टाकला, सुहासला ऐकू जावं म्हणून. प्रदर्शनाला पाठवू का, विचारलं.

"पाठव. पुण्यात कुटंबी लाव," मावशी म्हणाल्या. "चाचांना तेवडा दाखवू नको. उद्यापास्नं पिशवी पाठीमागं धरतील."