टेलला पोचलेला शब्द

माझ्या वडिलांनी माझ्या होणाऱ्या सासूबाईंवर भर बैठकीत संशय घेतला होता, आणि तोही इंग्रजीतून.

दादा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी त्यांनी एकाच काळजीत काढली: धरणातून सोडलेलं पाणी कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत, म्हणजे त्यांच्या भाषेत 'टेलला', पोचलं का? मधेच मुरलं, तर दादांना अन्न गोड लागत नसे. निवृत्त होऊन ते नांदेडच्या घरी बसले. कालवा सुटला, काळजी सुटली नाही.

अशात मला लातूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरीतला. फोटो बघून मी, आयुष्यात पहिल्यांदाच, पुस्तक मिटून ठेवलं. दादांनी ते पाहिलं आणि मनाशी ठरवलं की हे जमलंच पाहिजे. अडचण एकच. मुलाची आई शाळेत इंग्रजी शिकवायच्या.

"मॅडमनं इंग्रजीत काही इचारलं अन् म्या नुसती मान हलवली, तर पोरीची काय इज्जत राहील?"

"अवो, त्या पोरगी बघायला येऊन राहिल्या," आई म्हणाली. "तुमची परीक्षा घ्यायला न्हाई!"

दादांना पटलं नाही. इंग्रजी शब्द वाढवायचे, पण शब्दकोश पाठ करून नाही ("ते म्हंजी नुसतं धरण. कालवाच न्हाई!"), तर गोष्टीचं पुस्तक वाचून. घरात इंग्रजी कादंबरी एकच होती, स्टेशनजवळच्या गाड्यावरून मीच आणलेली, मुखपृष्ठ फाटलेली. ती मीच त्यांच्या हातात दिली. त्यात एक श्रीमंत म्हातारा जेवताजेवता टेबलावर कोसळतो आणि मग घरातल्या एकेकावर संशय येत जातो. (मी मराठी साहित्यात एम.ए. आहे. आपण बापाच्या हातात काय देतोय, हे बघायचं मात्र कोणत्याच पेपराला नव्हतं!)

दादांचा नियम साधा होता. सकाळी वाचलेला शब्द दिवस मावळायच्या आत एका जित्या माणसाला लावून बोलायचा. "न्हाईतर मधीच मुरतो."

सुरुवात दूधवाल्यापासून झाली. "गणेशराव, युवर मिल्क इज सस्पिशस!"

गणेशरावांना अर्थ कळला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून दूध घट्ट आलं. दादांचा हुरूप वाढला. आई 'विटनेस' झाली. शेजारची मांजर 'कल्प्रिट' झाली. (मांजर जित्या माणसात धरता येईना, म्हणून तो शब्द त्यांनी संध्याकाळी शेजाऱ्यांवर पुन्हा वापरला.) मला ते म्हणत, "तू लई वाचती बाई, पण समदं पोटात. धरण भरून राहिलं तुझं. दरवाजे कधी उघडती?" मी हसून पान उलटायची.

शेजारीण भांडायला आली तेव्हा आईने तंबी दिली. बैठक होईपर्यंत गल्लीत इंग्रजी बंद! दादांनी ऐकलं. पण वाचन काही थांबवलं नाही. म्हणजे पाहुणे दारात उतरले तेव्हा दादांच्या पोटात त्या सगळ्या दिवसांचे शब्द तुंबलेले होते.

जय भीम झाला, पाणी झालं. मुलाचे आईवडील गाडीने वेळेवर आले होते. मुलगा, सुजित, कामावरून परस्पर एसटीने येणार होता आणि एसटी अहमदपूरला बंद पडली होती. तो घामाघूम होऊन आत आला तसे दादा उठले.

"वेलकम! यू आर लेट. डू यू हॅव अ‍ॅन अ‍ॅलिबाय?"

सुजितने मुकाट्याने खिशातून एसटीचं तिकीट काढून दाखवलं. मला तो फारच आवडला.

त्याच्या वडिलांनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत विचारलं, "या कोण?"

"माय मदर," दादा म्हणाले. "नॅचरल डेथ. नो फाउल प्ले!"

आईने मला कोपराने ढोसलं. "अगं, सांग की काहीतरी. थांबव त्यायला." घरात सगळ्यात जास्त शब्द माझ्याकडे. मी पोह्यांचा ट्रे घेऊन, तोंड उघडं ठेवून, उभी. दरवाजे गंजलेले.

चहा आला. मॅडमनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. (साखर सोडली होती त्यांनी, हे नंतर कळलं.) दादा कळवळले. लेकीच्या हातचा चहा! ते पुढे झुकून अगदी मायेने म्हणाले,

"ड्रिंक, मॅडम. नो पॉयझन. आय हॅव नो मोटिव्ह."

मॅडम बोलेनात. त्यांना मुलगी पसंत नाही, अशी दादांना शंका आली, आणि ती शंका त्यांनी जवळ होते त्या शब्दांत सांगितली.

"युवर सायलेन्स इज बॅड, मॅडम. आय सस्पेक्ट यू."

मॅडमनी पदर तोंडाला लावला. आम्हाला वाटलं, झालं, आता उठतात. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "दादा, कोणतं पुस्तक वाचून राहिलात?"

दादा लाजत आत गेले आणि कादंबरी घेऊन आले. मॅडमनी पानं चाळली. प्रत्येक नव्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ, आणि शब्द 'पोचला' असेल तर रेघेच्या टोकाला तो ज्याला पोचला त्याचं नाव. दूधवाला. आई. मांजर, खोडलेली.

"मग, खून कोणी केला?"

"अजून म्या सुरुवातीलाच हाय, मॅडम."

"मी घेऊन जाऊ हे? वाचून परत देते."

दादा नाही कसं म्हणणार? पाहुणे गेले, पुस्तक गेलं. आणि फोन येईना. दादा ओट्यावर बसून राहायचे. एकदा आईला म्हणाले, "पोरीचं स्थळ घालवलं म्या. पाणी समदं चुकीच्या रानात गेलं." आईने त्यांचा गार झालेला चहा पुन्हा गरम करून आणला.

फोन आला तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, "दादा, पुस्तक न्यायला लातूरला या. येताना सगळेच या, तारीख ठरवू. आणि खून कोणी केला ते..."

"सांगू नका!" दादा ओरडले. मग फोन माझ्या हातात देऊन मागच्या दारी गेले. बराच वेळ नळ सोडून तोंड धूत होते.

ते पुस्तक त्यांनी कधीच संपवलं नाही. एक शब्द पोचल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, मग पान हलणार कसं? या वर्षी त्यांना लातूरला दवाखान्यात आणलं, तेव्हाही ते उशाशी होतं. सासूबाई रोज जाऊन बसायच्या. शेवटी एकदा त्यांनी हळूच विचारलं, "दादा, सांगू का हो, कोणी केला?"

"न्हाई मॅडम," दादा म्हणाले. "येतो की त्या पानावर."

आले नाहीत.

दादांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आईने पुस्तक माझ्या हातात दिलं. शेवटची रेघ 'इन्हेरिट' या शब्दाखाली होती. वारसाहक्काने मिळणे. रेघेच्या टोकाला नाव नव्हतं. शब्द सुटला होता, पोचला नव्हता.

दिवसभर मी तो तोंडात घेऊन सासरी घरभर फिरले. सासूबाईंना सांगायला गेले, तर त्यांच्याकडे बघून रडू आलं. सुजितला सांगायला गेले, तर त्याचेच डोळे भरले. ऊन कलायला लागलं आणि दारात संध्याकाळचा दूधवाला आला. मी पातेलं पुढे केलं, श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा दरवाजे उघडले.

"माय फादर इज डेड," मी म्हटलं. "अँड आय इन्हेरिटेड द मर्डर."

शब्द टेलला नक्की पोचला. कारण दुसऱ्या दिवसापासून दूधवाला दूध फाटकावरच ठेवून जातो.

घट्ट असतं.