गाय जेवेना, सासू जेवेना

माझ्या सासूबाईंनी त्या चातुर्मासात वांगं सोडलं असतं, कांदा सोडला असता, घोंगडीवर झोपल्या असत्या, तरी माझी काही तक्रार नव्हती. देवाचे चार महिने. ज्यानं त्यानं झेपेल ते धरावं. पण त्यांनी नेम धरला तो असा, की रोज आपल्या गाईला आपल्या हातानं भाकरीचा घास द्यायचा आणि मगच स्वतः जेवायचं. आणि सासू जेवल्याशिवाय सुनेनं ताटाला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणजे नेम त्यांचा आणि उपास दोघींचा.

गाय दारात बांधलेली होती तोवर काही अडचण नव्हती. पहिली भाकर तव्यावरून उतरली की ती गाईच्या तोंडात, की आम्ही दोघी मोकळ्या. पण त्या साली पावसानं तोंडच दाखवलं नाही. कडबा संपला, विहिरीनं तळ गाठला, आणि गावच्या सोसायटीनं टेकडीपलीकडच्या माळावर चारा छावणी काढली. गावातली सगळी जनावरं तिकडं गेली. आमची गायही गेली, आणि तिच्या राखणीला माझा नवरा गेला.

मी आपलं सुचवून पाहिलं, "आत्याबाई, तवर शेजारच्या शेळीला घास द्या की."

"शेळी म्हंजी गाय हाय का? बोलती आपली काहीबाही!"

झालं. रोज सैंपाक उरकायचा, गाईची आणि आमची भाकर एकाच फडक्यात बांधायची आणि भर उन्हात टेकडी चढायची. सासूबाई पुढं, मी मागं, आणि गठुडं माझ्या डोक्यावर. माहेरी मी उठल्या उठल्या शिळी भाकर चुरून खाणारी. लसणाच्या चटणीचा वास सारखा नाकात येई आणि मला त्या गाईचा, नेमाचा, छावणीचा, सगळ्यांचाच राग येई.

पहिले काही दिवस गाय बिचारी भाकर बघूनच हंबरायची. नुसती हाडं उरली होती तिची. मग छावणीत उसाची कुट्टी सुरू झाली, वर पेंड. गाईच्या अंगावर मांस चढलं, आणि मांसाबरोबर माजही चढला. एक दिवस सासूबाईंनी भाकर पुढं केली, तर तिनं हुंगली आणि मान फिरवली.

"खा गं माझे बाई," सासूबाई म्हणाल्या.

बाईनं दुसरीकडं मान फिरवली.

मग सगळ्या माळाला तोंड फुटलं. कुणी म्हणालं मीठ लावा, कुणी म्हणालं गूळ लावा. गूळ लावला, तर तिनं गूळ तेवढा चाटून घेतला आणि भाकर तशीच ठेवली. शेजारच्या दावणीच्या बैलानं मान लांब करून ती उचलली.

"खाल्ली! आत्याबाई, खाल्ली!" मी आनंदानं ओरडले.

"बैलानं खाल्ली," त्या म्हणाल्या. "आन दुसरी."

त्या दिवशी सूर्य कलला तेव्हा कुठं गाईनं एक तुकडा चघळला. पुढं हे रोजचंच झालं. आम्ही दोघी दावणीपुढं मांडी घालून बसायचो, मध्ये बांधलेलं फडकं, आणि समोर गाय डोळे मिटून रवंथ करत असायची. नवरा म्हणायचा, "आई, तिचं पोट भरलंय, तू जेव." त्या म्हणायच्या, "तू नगं शिकवू." त्यांना उठताना झोक जायला लागला होता. मला काळजीही वाटायची, पण खरं सांगते, भूक जास्त वाटायची.

अशात एका दुपारी सोसायटीचे चेअरमन जीपमधून छावणी बघायला आले. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. बघतात तर दोन बायका गाईपुढं बसलेल्या, तोंडं सुकलेली, आणि एकजण सांगतोय की सकाळपासून दोघींच्या पोटात अन्नाचा कण नाही. चेअरमनच्या डोक्यात एकच गोष्ट आली असणार. हात जोडून पुढं आले.

"आक्का, उपोषणाला कावून बसलाव? आमाला सांगायचं तरी! चारा कमी पडतुय का?"

"चाऱ्याचं काही न्हाई वो, गाय खाईना," सासूबाई म्हणाल्या.

"खाईना? कसला चारा देताव बे तुमी?" ते माणसांवर खेकसले. "आक्काच्या गाईला हिरवा ऊस टाका! पेंड दुप्पट करा! माझ्यासमोर!"

आम्ही नको नको म्हणेपर्यंत मोळी येऊन पडली. गाय उठली, आणि तिनं आमच्या डोळ्यांदेखत सगळा ऊस संपवला, पेंड संपवली, आणि फुस्स करून खाली बसली. चेअरमन खूश होऊन निघून गेले. सासूबाईंनी भाकर पुढं केली. गाईनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

माझं डोकंच फिरलं. सगळ्या दावणीसमोर मी ओरडले.

"अवो, ती जेवलीय! पोट फुटोस्तर जेवलीय! उन्हाळाभर तिच्या बरगड्या बघून रडत व्हता तुमी, आता तिचं पोट भरलं तर तिच्यावरच रुसून बसलाव? घरात उपाशी कोन हाय ते तरी बघा! मी हाय उपाशी!"

बोलून गेले आणि घाबरले. नवरा छपराकडं बघायला लागला. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि माझ्या तोंडापुढं धरला.

"आ कर."

"आत्याबाई, पर तुमचा नेम..."

"नेम माझा हाय. देवाला काय सांगायचं ते मी सांगीन. आ कर."

मी खाल्लं. खाताना रडू आलं, ते चटणीवर ढकललं. माझी भाकर संपेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या, आणि मगच स्वतः जेवल्या. पुढं रोज तसंच. बायकांनी विचारलं की म्हणायच्या, "गाईचं पोट भरलं, आता हिला देते." गावभर माझी थट्टा झाली, पण मी पोटभर जेवून ऐकत होते.

कार्तिकीला नेम सुटला. दुसऱ्या दिवशी मी रीतीप्रमाणे त्यांचं ताट वाढलं आणि चुलीपाशी उभी राहिले. त्या ताटाला हातच लावेनात.

"कावून उभी हायस?" त्या खेकसल्या. "तुजं ताट घेऊन बस की. मला लई भूक लागलीय."