त्यांची पहिली पीएच.डी.

आमच्याकडे कौतुक करायची पद्धत नव्हती. माझा प्रबंध वाचून झाल्यावर माझे गाईड म्हणाले होते, "चालेल." त्यावर आम्ही सोलापुरात गल्लीभर पेढे वाटले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो घोळ झाला तो ह्याच वळणामुळे झाला.

महामारीचे दिवस होते. नेदरलँड्समध्ये, वाखनिंगनमधल्या आमच्या घराची पार धर्मशाळा झाली होती. नवऱ्याचं आर्नहेमचं ऑफिस बेडरूममध्ये, मुलीची शाळा हॉलमध्ये, आणि धान्यांच्या प्रयोगशाळेतलं माझं लिहिण्यावाचण्याचं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर. अशात एक दिवस अमेरिकेतून एका प्राध्यापक बाईंची मेल आली. त्यांचं विद्यापीठ दक्षिणेकडचं, जुनं. बाकीच्यांनी कृष्णवर्णीयांना दारं बंद ठेवली होती, त्या काळात त्यांच्यासाठी उभं राहिलेलं. पदवीचं शिक्षण पहिल्यापासून होतं, मास्टर्स नंतर आलं, आणि काही वर्षांपूर्वी त्यांनी अन्नशास्त्रात पीएच.डी. सुरू केली होती. पहिली विद्यार्थिनी ज्वारीवर काम करत होती. तिच्या समितीवर बाहेरचा एक सदस्य हवा होता, आणि बाईंनी ज्वारीच्या पिठावरचा माझा जुना पेपर वाचला होता.

मी नवऱ्याला म्हटलं, "चुकून आली असेल."

"चुकून तुझ्या पेपरचं नाव लिहिलं का त्यांनी?" तो म्हणाला. "हो म्हणून टाक. नाहीतरी दिवसभर आम्हा दोघांच्या परीक्षाच घेत असतेस."

मी हो म्हटलं. पहिल्या कॉलवर बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "पुष्कळ लोक आम्ही कधी आपटतोय ह्याची वाट बघतायत. पदवीपर्यंत ठीक, ह्यापुढचं तुम्हाला झेपायचं नाही, असं म्हणणारे आहेत. ही पहिलीच अडकली, तर मागून येणाऱ्यांच्या जागासुद्धा जातील." तेव्हापासून ते काम मला परकं वाटलं नाही.

विद्यार्थिनी साधारण माझ्याच वयाची. शाळेत विज्ञान शिकवायची, शिकवता शिकवता हे करत होती. तिचा प्रश्न ऐकून मला हसूच आलं. साठवलेल्या ज्वारीच्या पिठाचा चिकटपणा का जातो? अगं बाई, हा तर आमच्याकडे रोज सकाळी परातीत पडणारा प्रश्न. पिठाची ही विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना कडेने चिरते आणि घरातल्या बाईचं डोकं फिरतं. लॉकडाऊनमुळे प्रयोगशाळेला कुलूप होतं, म्हणून तिने पिठाचे डबे आणि वजनकाटा परवानगी काढून घरी आणला होता. मी कॅमेरा ओट्याकडे वळवून तिला भाकरी थापून दाखवली. तिची पहिली भाकरी तव्यापर्यंत पोचलीच नाही. पण तिने ती नेमकी कुठे चिरली ते मोजलं, आणि तिथेच मी तिला मानलं.

दुसऱ्या वर्षी प्रबंध आला. मी वाचायला बसले आणि वरणाला फोडणी द्यायचं राहूनच गेलं. माझ्या पेपरात मी सगळा दोष साठवणीतल्या उष्णतेवर टाकला होता. हिने दाखवून दिलं होतं की दळण किती बारीक आहे ह्यावरही तितकंच ठरतं. म्हणजे माझं अर्धवट होतं, तिने पुरं केलं. "काय बाई आहे ही," असं मी दिवसभर पुटपुटत होते म्हणे.

मग मी अहवाल लिहिला. पहिली ओळ: काम स्वीकारार्ह आहे. त्याखाली पानंच्या पानं दुरुस्त्या. हा तक्ता असा नको, त्या आलेखाच्या रेषा जाड करा, अमुक संदर्भाचं वर्ष तपासा. टाकाऊ कामावर एवढा वेळ कोण घालवतं? जीव लावून वाचलं होतं, म्हणून एवढं लिहिलं. समाधानाने पाठवून दिला.

चार-पाच दिवसांनी बाईंचा कॉल आला. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "तोंडी परीक्षा पुढे ढकलावी लागणार. बाहेरच्या सदस्याची शिफारस नसेल तर ऑफिस तारीख देत नाही. पोरगी तुमचा अहवाल उघडून नुसती बसून आहे. नेमकं कुठे कमी पडलं तेवढं सांगा, आम्ही सुधारू."

"कमी?" मी म्हटलं. "अहो, कित्येक वर्षांत एवढं चांगलं काम माझ्या वाचनात आलेलं नाही."

त्यांनी अहवालाची पानं मागेपुढे केली. मग म्हणाल्या, "हे तुम्ही कुठे लिहिलंय?"

मी अहवाल उघडला. कुठेच लिहिलं नव्हतं. तिकडे 'स्वीकारार्ह' म्हणजे सभ्य शब्दांतला नकार, हे मला कुठे माहीत? आणि ही माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या असलेच सभ्य नकार ऐकत आलेली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरा म्हणाला, "इथला माझा डच साहेब 'वाईट नाही' म्हणाला की मी घरी श्रीखंड आणतो. तुला दोन्हीकडून लागण झालीय."

ताबडतोब दुसरा अहवाल लिहायला बसले, तर हात चालेना. 'उत्कृष्ट' लिहिलं, खोडलं. लग्नपत्रिकेतल्यासारखं वाटत होतं. शेवटी सरळ लिहिलं की माझ्या पेपरात काय चुकलं होतं, ते हिने कसं शोधलं, आणि यापुढे ह्या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हिचं काम आधी वाचावं लागेल. दुरुस्त्या तशाच ठेवल्या, पण कशासाठी आहेत ते सांगून. तारीख कायम राहिली.

परीक्षा आमच्या संध्याकाळी, त्यांच्या सकाळी होती. मला पहिल्यांदा बोलायला सांगितलं, तेव्हा प्रश्नांच्या आधी हे सगळं मी तोंडाने, सगळ्यांसमोर म्हटलं. नंतर प्रश्न विचारले ते मात्र कडकच. तिथे सूट दिली नाही, आणि तिलाही ती नको होती. दळणाच्या प्रश्नावर तर ती माझ्याशी चक्क भांडली, आणि तिचंच बरोबर होतं. माझी मुलगी दारात उभी राहून ऐकत होती, तिला मी खुणेनेच आत येऊन बसायला सांगितलं.

समितीचं एकमत व्हायला काहीच वेळ लागला नाही. निकाल सांगायला सगळे परत स्क्रीनवर आले, तेव्हा बाईंनी उठून आपल्या ऑफिसची खिडकी उघडली आणि कॅमेरा तिकडे वळवला. खाली पार्किंगमध्ये गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. आत येऊन बसायला बंदी, म्हणून शिक्षक, विद्यार्थी, तिच्या घरचे, सगळे मास्क लावून गाड्यांत बसून फोनवर ऐकत होते.

बाई मला म्हणाल्या, "नव्या पदवीने तिला पहिली हाक तुम्ही मारा. आम्ही काय, घरचेच. आमचं आम्ही म्हटलं तर लोक म्हणतील, हे तर म्हणणारच."

मी माईक चालू केला. ती स्क्रीनवर ताठ बसली होती, दोन्ही हात टेबलावर. "डॉक्टर," मी म्हटलं, आणि आडनावापर्यंत पोचायच्या आत खिडकीतून हॉर्न सुरू झाले, एक, मग दुसरा, मग अख्खं पार्किंग. माझं मलाच ऐकू येईना, आणि मी आपली मोठमोठ्याने तेच परत परत म्हणत होते.